अप्पांच्या छातीतलं यंत्र

अप्पांना पेसमेकर बसवला तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते आणि त्यातली बेचाळीस वर्षं त्यांनी वेल्डिंग केलं होतं. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये एका सिंधी शेठचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे, तिथे. खिडक्यांच्या ग्रिल, जिन्यांचे कठडे, सोसायट्यांची गेटं. त्या भागातून माझ्याबरोबर चालताना ते मध्येच एखाद्या बाल्कनीकडे नुसती हनुवटी उचलायचे. म्हणजे ती ग्रिल त्यांच्या हातची. 

त्या दिवशी सकाळी गाळ्यासमोर उभे राहून चहा पीत होते. पिता पिता खाली बसले आणि मग आडवे झाले. शेठ सांगत होते, चहाचा ग्लास शेवटपर्यंत हातातच होता, सांडला पण फुटला नाही. शेठनीच त्यांना रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं आणि मग मला फोन केला. मी अंबरनाथच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि बदलापूरला राहते. मी तासावर होते. पोहोचले तेव्हा अप्पांची नाडी मिनिटाला चौतीस होती आणि ते माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, तास सोडून कशाला आलीस?"

हृदयातली विजेची वाट बंद पडली होती. वरच्या कप्प्यातून निघालेला संदेश खालच्या कप्प्यापर्यंत पोहोचत नव्हता. ही वाट मी वीस वर्षं फळ्यावर पिवळ्या खडूने काढत आले आहे. हृदयाच्या पेशी स्वतःची वीज स्वतः तयार करतात, बाहेरून कुणी चावी द्यावी लागत नाही, हे वाक्य मी दर वर्षी म्हणते आणि दर वर्षी वर्गातलं कुणीतरी नकळत छातीवर हात ठेवतं. आता ती वाट माझ्या वडिलांच्या छातीत बंद पडली होती आणि मला फळा आठवत नव्हता.

दोन दिवसांनी डाव्या खांद्याच्या खाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. चौथ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावलं. डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होत्या, बोलायला शांत. डावा हात दीड महिना खांद्याच्या वर न्यायचा नाही. मोबाईल शर्टाच्या खिशात ठेवायचा नाही, उजव्या कानाला लावायचा, यंत्रापासून वीतभर अंतर हवं. मॉलच्या दारातल्या तपासणीच्या चौकटीतून चालत जायचं, तिथे टेकून उभं राहायचं नाही. अप्पा प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होते.

"काका, काम काय करता?"

"वेल्डिंग."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"इलेक्ट्रिक वेल्डिंग?"

"हो. आर्क."

"ते आता नाही करता येणार."

अप्पा हसले. कुणी चुकून भलतंच बोललं की ते तसं हसतात. "आता म्हणजे किती दिवस?"

डॉक्टरांनी घाई केली नाही. खुर्ची थोडी पुढे घेतली आणि समजावून सांगितलं. हे यंत्र नुसते ठोके देत नाही, ते आधी ऐकतं. हृदयाने आपणहून ठोका दिला तर ते गप्प बसतं, नाही दिला तर देतं. वेल्डिंगच्या केबलमधून मोठा करंट जातो आणि त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते क्षेत्र यंत्राच्या तारेत शिरलं की यंत्राला वाटतं, हृदयच बोलतंय. मग ते गप्प बसतं.

"म्हणजे ते फसतं," अप्पा म्हणाले.

"हो."

"आणि खरं हृदय?"

"ते तेवढा वेळ हळू चाललेलं असतं. काही पेशंट सांभाळून, कमी करंटवर थोडं काम करतात. पण तुमचं हृदय जवळजवळ पूर्ण या यंत्रावर आहे. मी तुम्हाला हो म्हणणार नाही."

"बरं," अप्पा म्हणाले.

आई इतका वेळ त्यांच्या शेजारी उभी होती. ती पुढे झाली आणि तिने त्यांच्या छातीवर, पट्टीच्या बाजूला, अलगद हात ठेवला. तेव्हा नर्सचं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं.

"मावशी, ते कडं चुंबकाचं आहे का?"

होतं. चार वर्षांपूर्वी आईचे गुडघे धरले होते तेव्हा बाजारातल्या एका दुकानातून तिने ते घेतलं होतं. दुकानदाराने सांगितलं होतं, चुंबकाने रक्त मोकळं होतं. मी तेव्हा तिच्याशी वाद घातला होता. याला काही पुरावा नाही, म्हणाले होते. ती म्हणाली होती, "मला बरं वाटतं ना, मग तुझं काय जातंय?" तेव्हापासून अंघोळीलासुद्धा तिने ते काढलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, "काढायलाच पाहिजे असं नाही, फक्त छातीजवळ आणू नका. वीतभर लांब." पण आईने हात एकदम मागे घेतला होता. कॉरिडॉरमध्ये आल्यावर तिने ते कडं ओढून काढलं आणि माझ्या हातात दिलं. मनगटावर गोऱ्या कातडीचा एक पट्टा राहिला होता. "तुझ्याकडेच ठेव. घरात नको," ती म्हणाली.

आम्ही रिक्षात बसलो. मग अप्पा म्हणाले, "शहाडच्या सोसायटीचं गेट राहिलंय. एका बाजूचं झाळून झालंय, दुसऱ्या बाजूचं नाही." थोड्या वेळाने परत म्हणाले, "दोन बाजू दोन हातांच्या झाल्या की दिसतं ते."

---

त्यानंतरच्या दिवसांत आईने घर बदलून टाकलं. म्हणजे भिंती त्याच, पण घरातल्या प्रत्येक वस्तूकडे ती यंत्राच्या नजरेने बघायला लागली. टीव्हीसमोरची अप्पांची खुर्ची दाराजवळ गेली. मोबाईल स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यावर. फोन आला की अप्पांनी ओट्याशी उभं राहून, फोनला हात न लावता, स्पीकरवर बोलायचं. माझ्याशी बोलतानाही ते इतक्या मोठ्याने बोलायचे की शेजारी ऐकू जावं. मिक्सर मूळच्या खोक्यात घालून माळ्यावर गेला आणि जिन्याखाली वर्षानुवर्षं पडलेला पाटा-वरवंटा बाहेर आला.

त्यात शेजारच्या बाईंनी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टॉवरची गोष्ट काढली. त्या स्वभावाने प्रेमळ आहेत, रोज एकदा अप्पांची चौकशी करतात. त्यांच्या भाचीने मोबाईलवर काहीतरी पाठवलं होतं, की टॉवरच्या लाटांनी पेशी मरतात, चिमण्या गेल्या, माणसंही जातील. तो टॉवर तिथे आठ वर्षं होता. आठ वर्षं आईने त्याच्याकडे तोंड करून कपडे वाळत घातले होते. आता त्या बाजूची खिडकी बंद झाली आणि तिला जाड चादरीचा पडदा लागला. घरात दिवसा दिवा लावायची वेळ आली.

एका रविवारी मी गेले तेव्हा आई जमिनीवर बसून चटणी वाटत होती. उठताना तिने एक हात ओट्याला लावला, दुसरा माझ्या खांद्यावर टेकवला आणि अर्ध्यात थांबली. चुंबकाने सांधे बरे होत नाहीत, हे मला आजही म्हणायचं आहे. पण कडं काढल्यापासून तिचे गुडघे जास्त दुखायला लागले होते, हेही मी पाहत होते. पाट्यामुळे असेल, काळजीमुळे असेल. मी तिला कडं परत घाल म्हणाले तर तिने मानेनेच नाही म्हटलं.

अप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. आईने आवाज खाली आणला.

"तू विज्ञान शिकवतेस. मला खरं सांग. त्या टॉवरने काही होतं का?"

मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि तिला सगळं सांगितलं. आपल्या प्रत्येक पेशीच्या आत-बाहेर विजेचा बारीकसा फरक असतो, त्यावर नसा चालतात, हृदय चालतं. खूप जोरदार क्षेत्र अगदी जवळ आलं तर नसांवर परिणाम होतो, ते खरं आहे. दवाखान्यात त्याचा उपयोगही करतात. मोबाईलच्या, टॉवरच्या लाटा जोरात असल्या तर मांस किंचित गरम करू शकतात, म्हणून त्यांना मर्यादा घातलेली असते. पण एवढ्या अंतरावरून येतात त्या फार क्षीण असतात. त्यांनी आजार होतो का, हे इतकी वर्षं लोक तपासतायत आणि ठाम असं काही हाती लागलेलं नाही. अप्पांचं यंत्र हा वेगळा विषय आहे, आई. तिथे पेशी बिघडत नाहीत, यंत्राचा कान फसतो, आणि तोही अगदी जवळ गेल्यावर.

आईने सगळं ऐकून घेतलं.

"हाती लागलेलं नाही म्हणजे नाहीच, का अजून शोधतायत?"

"शोधतायतच."

"म्हणजे तुम्हालाही पक्कं माहीत नाही."

"आई, विज्ञानात असं पक्कं..."

"मी तुला बोल लावत नाही गं," ती म्हणाली आणि चटणी वाटीत काढायला लागली. "माहीत नसेल तर थोडं लांब राहिलेलं काय वाईट?"

मला एक गोष्ट आठवली जी मी तिला कधी सांगितली नव्हती. माझी मुलगी पोटात होती तेव्हा मी झोपताना मोबाईल खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत ठेवायचे. तेव्हाही मी हेच शिकवत होते, हेच मानत होते. नवऱ्याने विचारलं तेव्हा मी म्हणाले, सकाळी अलार्म बंद करायला उठावं लागावं म्हणून. ते खोटं होतं.

---

तीन महिन्यांनी यंत्राची पहिली तपासणी होती. आई, अप्पा आणि मी, तिघंही गेलो. डॉक्टरांनी अप्पांना पलंगावर आडवं केलं, छातीवर यंत्राच्या जागी एक चपटा गोल ठेवला आणि समोरच्या पडद्यावर रेषा धावायला लागल्या. आईने खुर्ची मागे ओढली.

"ते काय आहे?"

"याने मी आतल्या यंत्राशी बोलते. कातडी न कापता."

"वायर तर आत जात नाही."

"लाटांनी जातं, मावशी. चुंबकीय क्षेत्रच आहे ते. फक्त यंत्राला कळेल अशा भाषेत."

आई त्या चपट्या गोलाकडे बघत राहिली. त्या रविवारी ओट्याला टेकून जे मला सांगता आलं नव्हतं, ते तिच्यासमोर नवऱ्याच्या छातीवर ठेवलेलं होतं.

"आता थोडा वेळ मी यंत्राचा वेग कमी करते," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचं स्वतःचं हृदय काय म्हणतंय ते बघू. जरा हलकं वाटेल. घाबरू नका."

पडद्यावरच्या उंचवट्यांमधलं अंतर वाढत गेलं. एक ठोका. मग इतकी लांब सरळ रेषा की मी मनातल्या मनात आकडे मोजायला लागले. मग पुन्हा एक. अप्पा वर पंख्याकडे बघत होते. आईने त्यांची पावलं धरली होती, चादरीवरून, दोन्ही हातांनी. तेव्हा मला कळलं की डॉक्टर 'पूर्ण यंत्रावर' म्हणाल्या होत्या म्हणजे काय. डॉक्टरांनी वेग परत वाढवला आणि रेषा पुन्हा भरली.

मग त्या पडद्यावर काहीतरी वाचत थांबल्या.

"काका, मागच्या आठवड्यात मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास कुठे होतात?"

"मंगळवारी," आई लगेच म्हणाली, "गणपतीच्या देवळात गेले होते. दर मंगळवारी जातात."

डॉक्टरांनी पडदा थोडा आमच्याकडे वळवला. नीट ठोक्यांच्या रेषेत मध्येच एक दाट, काळा गिचमिड पट्टा होता, कुणीतरी रागाने पेन्सिल फिरवावी तसा. "यंत्र अशा गोष्टी नोंदवून ठेवतं. यंत्राने इथे बाहेरचा गोंगाट ऐकलाय. आणि इथे, बघा, फसून दोन ठोके दिलेच नाहीत."

अप्पांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग डॉक्टरांकडे.

"जरा डोळ्यांपुढे अंधारी आली होती," ते म्हणाले. "लगेच थांबलो."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "काका, थांबायला तुम्ही शुद्धीवर होतात म्हणून थांबलात."

बाहेर आल्यावर आई रिक्षात आधी चढली. मी घरचा पत्ता सांगणार तेवढ्यात तिने रिक्षावाल्याला सांगितलं, "कॅम्प चार. मार्केटच्या मागे, गाळ्यांच्या गल्लीत."

"तिथे कशाला?" अप्पा म्हणाले.

शेठ गल्ल्यावर बसले होते. त्यांचं वय आता ऐंशीच्या घरात आहे. अप्पा साताऱ्याकडून आले आणि एकवीस वर्षांचे असताना त्यांच्या गाळ्यात लागले, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांना 'साईं' म्हणतात, मालक कोण नि कामगार कोण हे नवख्या माणसाला कळत नाही. आईला बघून शेठ उभे राहिले.

"तुम्ही ह्यांना मशीनला हात लावू दिलात," आई म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण गल्लीतलं कटर बंद पडलं.

"भाभी, मैंने मना किया. बहुत मना किया. हात जोडले मी." शेठ खरोखर हात जोडून उभे होते. "बोले, पंधरा मिनिटांचं काम आहे. मी बोललो, दुसऱ्याकडून करवून देतो. बोले, भाभीच्या वस्तूला दुसऱ्याचा हात नको."

"कुठली वस्तू?"

शेठनी अप्पांकडे बघितलं. अप्पा शटरच्या पट्टीवरचा गंज नखाने काढत होते. मग शेठ आत गेले आणि कोपऱ्यातलं गोणपाट बाजूला केलं.

लोखंडी घोडी होती. चार पाय, वर चौकट, चौकटीला आतून पट्ट्या. पाटा त्यावर बसवला की उभ्याने वाटता यावं अशी. पायांच्या खाली रबराची बुचं होती. चौकटीचे कोपरे घासून इतके गोल केले होते की साडी अडकू नये. तीन पायांची वेल्डिंगची झाळ जुन्यासारखी, एकसारखी, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसलेली. चौथ्या पायाची अर्ध्यावर तुटली होती.

मी तेव्हा सगळं जुळवलं. आईने त्यांच्या यंत्रासाठी मिक्सर माळ्यावर टाकला, म्हणून जमिनीवर बसून वाटायला लागली, म्हणून तिचे गुडघे गेले. ते हे रोज दाराजवळच्या खुर्चीतून बघत होते. आणि मग त्यांना जे एकच येत होतं ते त्यांनी केलं.

आई घोडीजवळ गेली. चौकटीवर दोन्ही तळहात टेकून उभी राहिली, कोपर किती वाकतंय ते बघितलं.

"उंची बरोबर आहे," ती म्हणाली.

"तू ओट्याशी उभी असतेस तेव्हा बघून घेतली," अप्पा म्हणाले.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "घरी गेल्यावर मिक्सर काढ माळ्यावरून. डॉक्टरीणबाईंना फोन करून विचार, किती लांब ठेवायचा."

मी गाळ्यातूनच फोन केला. मिक्सर चालतो, हातभर अंतरावरून, छातीला लावून धरू नका, एवढंच. त्याच संध्याकाळी मिक्सर ओट्यावर आला. चादरीचा पडदा मात्र आणखी महिनाभर होता, आणि मग एके दिवशी धुवायला म्हणून निघाला तो परत लागला नाही.

---

पण अप्पांचा प्रश्न सुटला नव्हता. ते गाळ्यात जाणं बंद करून घरी बसले. सकाळी पेपर, मग दुसरा पेपर, मग खाली जाऊन गेटाशी उभं राहणं. त्यांचा आवाजसुद्धा बारीक झाला. एकदा मी स्वयंपाकघरात भजी तळत होते. ते मागे येऊन उभे राहिले, डोळे मिटून. "आर्क नीट लागली की असाच आवाज येतो," म्हणाले. "अंतर चुकलं की फडफडतो. मला कधी बघावं लागलं नाही, कानानेच कळायचं." आणि परत बाहेर गेले.

शेठ दर गुरुवारी घरी यायचे. अशाच एका गुरुवारी गोष्टी निघाल्या तेव्हा अप्पा म्हणाले की त्यांनी पहिलं काम शिकलं ते अंबरनाथला, एका छोट्या कारखान्यात, आणि ते विजेचं नव्हतंच. गॅसचं होतं. तांब्या-पितळेचं. एक वर्ष केलं आणि मग आर्कवर आले, कारण लोखंडाला मागणी होती.

शेठनी चहाचा कप खाली ठेवला. "गॅसमध्ये करंट कुठे असतो?"

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. इतके दिवस ज्या मुलीला क्षेत्रं, लाटा, पेशी सगळं माहीत होतं, तिला हे सुचलं नव्हतं. ज्योतीत करंट नसतो. चुंबकीय क्षेत्र नसतं. फक्त आग असते.

मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी चौकशी करून दुसऱ्या दिवशी कळवलं. गॅसला हरकत नाही. पण चालू आर्क मशीन जवळ नको, तिच्या केबलवरून चालणं नको, आणि सिलिंडर उचलायचा नाही. शेठनी आर्कचं सगळं काम पुढे रस्त्याकडे आणलं आणि मागची, अंगणापलीकडची पडवी अप्पांसाठी मोकळी केली. अप्पांनी स्वतः पावलांनी अंतर मोजलं, मग टेप लावून पुन्हा मोजलं. आईनेही मोजलं.

उल्हासनगरात फ्रीज आणि एसी दुरुस्त करणाऱ्यांची दुकानं पुष्कळ आहेत आणि त्यांना तांब्याच्या नळ्या जोडून देणारा चांगला हात सतत लागतो. पहिलं काम आलं तेव्हा मी सुट्टी काढून बघायला गेले. अप्पांनी ज्योत लावली, ती पिवळी, धुरकट आली. चावी हळूहळू फिरवत त्यांनी ती निळी, टोकदार केली. दोन नळ्या एकात एक घातल्या, ज्योत फिरवत राहिले, आणि तांबं एका क्षणी गडद लाल झालं तशी जोडाची सळई फक्त टोकाने टेकवली. ती वितळून सांध्याभोवती आपणहून फिरून आली आणि नाहीशी झाली.

"हे बोलत नाही," ते चष्मा वर करत म्हणाले. "ह्याचं सगळं डोळ्यांवर. नवीन शिकायला लागणार."

पहिला आठवडा त्यांचा तीनातला एक सांधा गळत होता. शेठनी कुणाला कळू दिलं नाही, परत त्यांच्याकडेच आणून दिले. दिवाळीपर्यंत दुकानदार त्यांचं नाव घेऊन यायला लागले.

या सगळ्याने माझ्या शिकवण्यात थोडा फरक पडला. मागच्या वर्षी एका मुलीने तासाला विचारलं, आमच्या गच्चीवर टॉवर आहे, माझी आजी आजारी आहे, त्यामुळे आहे का. पूर्वी मी लगेच उत्तर दिलं असतं. मी आधी विचारलं, आजीला काय होतंय. तिने सांगितलं आणि सांगताना रडली. मग मी तिला जे माहीत आहे ते माहीत आहे म्हणून सांगितलं, जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगितलं, आणि आजीला कुठल्या डॉक्टरांकडे दाखवावं तेही सांगितलं. तास संपला, पण फळ्यावरचं चित्र अर्धंच राहिलं.

या जूनच्या सुरुवातीला आई-अप्पा चार दिवस माझ्याकडे बदलापूरला राहायला आले होते. एका सकाळी आम्ही बारवीच्या रस्त्याला फिरायला गेलो. तिथे एका ठिकाणी रस्त्यावरून विजेच्या मोठ्या तारा जातात, उंच मनोऱ्यांवरून, शेतं ओलांडून डोंगराकडे. हवेत ओल होती, तारांचा बारीक गुणगुणता आवाज येत होता. आई थांबली.

"इथून जायचं?"

"खालून चालत गेलं तर चालतं," मी म्हणाले. "तारा खूप वर आहेत. मी विचारून ठेवलंय. फक्त मनोऱ्याशी बसून राहायचं नाही."

"मग चला," ती म्हणाली आणि स्वतः अप्पांच्या डाव्या बाजूला गेली, जणू तिकडून काही आलं तर आधी तिला लागेल. दोघं जरा भरभर चालत खालून पार झाले. अप्पा तिच्या चालण्याने चालत होते.

पलीकडे रस्त्याच्या कडेला एक वाडीवरची म्हातारी पानांवर जांभळं मांडून बसली होती. आईने तिच्यासमोर बसता बसता मागे तारांकडे हात केला.

"तुम्ही रोज इथेच बसता? ह्या तारांचा काही त्रास नाही होत?"

म्हातारीने वर बघितलं, जणू तारा आहेत हे तिच्या बऱ्याच दिवसांनी ध्यानात आलं होतं.

"तारा हायेत, बाय. पर मी पल्याड बसते. तारांखाली सावलीच नाय." तिने एक टपोरं जांभूळ उचलून आईच्या हातावर ठेवलं. "खाऊन बघ आधी. मग घे."

आईने ते अर्धं खाल्लं आणि उरलेलं अर्धं अप्पांना दिलं. अप्पा म्हणाले, गोड आहेत. आईने दोन वाटे घेतले.